टॉफच्या शस्त्रक्रियेनंतर मुलीला किती जपावे आणि किती मोकळे सोडावे?

प्रश्न : परभणीची आई

नमस्कार. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. १९ दिवसांपूर्वी पुण्यात तिच्या हृदयावर ओपन हार्ट शस्त्रक्रिया झाली. तिला जन्मापासून टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा आजार होता, ज्याला डॉक्टर थोडक्यात टॉफ म्हणतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधले छिद्र पॅच लावून बंद केले आणि फुफ्फुसाकडे रक्त नेणारी अरुंद वाट मोकळी केली, असे आम्हाला सांगण्यात आले. नवव्या दिवशी सुट्टी मिळाली आणि आता आम्ही परभणी जिल्ह्यात आमच्या गावी परत आलो आहोत.

आजार उशिरा लक्षात आला याची खंत मनातून जात नाही. दीड वर्षाची असल्यापासून ती अंगणात चार पावले पळाली की उकिडवी बसायची आणि आम्हाला वाटायचे की तिला मातीत खेळायला आवडते. थंडीत आंघोळ घातली की ओठ जांभळे व्हायचे, तो आम्ही गारठा समजलो. अंगणवाडीत तपासणीसाठी आलेल्या पथकातल्या डॉक्टरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिले आणि त्याच आठवड्यात टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करण्यासाठी जिल्हा रुग्णालयात पाठवले, तेव्हा सगळा उलगडा झाला. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात मला आत सोडले, त्या वेळी नळ्या आणि यंत्रांच्या आधी माझी नजर तिच्या नखांकडे गेली. ती गुलाबी होती. माझ्या लेकीची नखे मी त्या रंगाची कधीच पाहिली नव्हती.

आता घरात दोन मते आहेत. सासूबाई म्हणतात की तीन महिने पोरीचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, आणि मिस्टर म्हणतात की डॉक्टरांनी खेळू द्या असे सांगितले आहे तर खेळू द्यावे. सुट्टीच्या दिवशी बिल भरण्याच्या गडबडीत पाच मिनिटांत सगळे सांगून झाले, कार्ड पूर्ण इंग्रजीत आहे, त्यामुळे नेमके काय सांगितले होते याविषयी आमच्यातच एकवाक्यता नाही. ती अजूनही चालता चालता मध्येच उकिडवी बसते आणि ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो, कारण शस्त्रक्रिया करूनही आजार तसाच राहिला की काय असे वाटते. रात्री दोन-तीन वेळा किंचाळून उठते, मला क्षणभर सोडत नाही, आणि वर्षभरापूर्वी बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ती सारखी आजारी असल्यामुळे तिचे कान टोचायचे राहिले होते. पुढच्या महिन्यात माहूरला नवस फेडायला जायचे आणि त्याआधी कान टोचून घ्यायचे असे घरात ठरत आहे. शिवाय तिची मागची एक दाढ काळी पडली आहे. ज्यांनी हे सगळे आपल्या घरात पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : नाशिकचा बाबा

ताई, माझ्या मुलाची हीच शस्त्रक्रिया तो चार वर्षांचा असताना झाली. आज तो दहा वर्षांचा आहे. तुमच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा, पण घरी आल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांत आम्ही काय शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट उचलण्याची. शस्त्रक्रियेसाठी छातीचे मधले हाड उभे कापतात आणि नंतर ते स्टीलच्या तारांनी बांधून जुळवतात. लहान मुलांत ते हाड साधारण सहा आठवड्यांत सांधत येते, पण तोवर मुलाला काखेत हात घालून उचलले किंवा दोन्ही हात धरून वर ओढले की सगळा ताण त्या सांध्यावर येतो. एक हात पाठीखाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली घालून, तान्ह्या बाळाला घेतो तसे उचलावे. तुम्ही नीट उचलाल, पण भेटायला आलेला मामा प्रेमाने काखेत हात घालून वर उचलेल, म्हणून घरातल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगा. आम्ही दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावला होता. डोक्यावरून घालायचे कपडे बाजूला ठेवून पुढून बटणे असलेले सुती झबले किंवा फ्रॉक घातले तर हात वर करण्याचा त्रास वाचतो.

आता चालण्या-खेळण्याविषयी. तुमच्या सासूबाईंची काळजी मी समजू शकतो, कारण माझी आईही अगदी हेच म्हणत होती, पण मुलाला अंथरुणावर डांबून ठेवल्याने फायदा होत नाही, उलट छातीत कफ साचतो, भूक मरते आणि मूल चिडचिडे होते. घरात आणि अंगणात चालणे, बसून खेळणे, हे तिला जमेल तेवढे करू द्या. लहान मूल दमले की स्वतःहून थांबते. टाळायचे ते पडण्या-आपटण्याचे खेळ, म्हणजे झोका, तीनचाकी सायकल, पलंगावरून उड्या, दाराला लोंबकळणे आणि भावंडांची मस्ती. दुचाकीवर पुढे उभे करून नेणेही या काळात पूर्णपणे बंद ठेवा, कारण एका खड्ड्यात हँडल छातीवर आदळू शकते. फुफ्फुसे फुलावीत म्हणून आम्ही त्याच्याकडून रोज साबणाचे फुगे आणि भिंगरी फुंकवून घ्यायचो, आणि त्याला तो व्यायाम आहे हे कधी कळलेच नाही.

उकिडवे बसण्याबद्दल आमच्या डॉक्टरांनी फार चांगले समजावले होते. या आजारात फुफ्फुसाकडे रक्त कमी जाते. मूल उकिडवे बसले की पायांकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि तेच रक्त फुफ्फुसांकडे अधिक वळते, म्हणून त्याला बरे वाटते. कोणी न शिकवता शरीर हा उपाय शोधून काढते. दुरुस्तीनंतर त्याची गरज उरत नाही, पण वर्षानुवर्षांची सवय काही एका दिवसात जात नाही. आमचा मुलगा जवळजवळ दोन महिने तसा बसत होता. बसल्यावर तिच्या ओठांचा आणि नखांचा रंग पाहा आणि श्वास पाहा. रंग गुलाबी असेल, श्वास शांत असेल आणि ती बसल्या बसल्या खेळत असेल, तर बहुधा ती सवयच आहे. तरीही पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, आणि रंग बदललेला दिसला तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

रात्रीच्या किंचाळण्याविषयी मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, कारण याबद्दल आम्हाला आधी कोणीच सांगितले नव्हते. आमचा मुलगा घरी आल्यावर पांढरा शर्ट घातलेला माणूस दिसला की सुई टोचलेला हात पाठीमागे लपवायचा. दोन महिने तो एकटा झोपला नाही आणि बोलणेही बाळबोध झाले होते. मूल अतिदक्षता विभागातून आले की असे काही आठवडे मागे जाते आणि हळूहळू पूर्वपदावर येते. अंथरूण ओले केले म्हणून रागावू नका. दुखणार नाही असे खोटे सांगू नका. थोडेसे दुखेल, मी जवळ आहे, असे सांगा. आमच्याकडे एक कापडी अस्वल होते. एके दिवशी त्याने त्या अस्वलाच्या छातीवर माझ्या दाढीच्या सामानातली चिकटपट्टी उभी लावली, आणि नंतर रोज सकाळी तो त्याची पट्टी बदलू लागला. त्या आठवड्यापासून त्याची झोप सुधारत गेली. तिलाही एखादी बाहुली आणि थोडा कापूस देऊन पाहा.

उत्तर : हृदयशल्य विभागातील परिचारिका

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात मी १४ वर्षे काम करत आहे. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, फक्त ज्या गोष्टींत चूक चालत नाही त्या सांगते.

टॉफमध्ये हृदयाचा उजवा खालचा कप्पा जन्मापासून अरुंद वाटेतून रक्त ढकलत असतो, त्यामुळे त्याची भिंत जाड आणि ताठ होते. वाट मोकळी केली तरी ती भिंत लगेच मऊ होत नाही, तिला काही आठवडे-महिने लागतात. तोवर शरीरात पाणी साठण्याची प्रवृत्ती राहते, आणि म्हणूनच मुलांना लघवी वाढवणारे औषध देऊन घरी पाठवतात. हे औषध मूल चांगले दिसते म्हणून स्वतःहून बंद करायचे नाही आणि एक मात्रा चुकली म्हणून पुढची दुप्पट द्यायची नाही. मीठ बेताचे, लोणचे आणि पापड नाही, आणि दिवसभरात पाणी-दूध मिळून किती द्यायचे याचे प्रमाण कार्डावर लिहिलेले असते, ते गावातील डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या. अशक्तपणा जावा म्हणून रोज शहाळ्याचे पाणी देण्याची पद्धत आहे, पण काही औषधांमुळे रक्तातले पोटॅशियम वाढते आणि शहाळ्यातही ते भरपूर असते, त्यामुळे विचारल्याशिवाय देऊ नका. सर्दी-खोकल्याचे कोणतेही औषध दुकानातून थेट आणू नका.

पुढची लक्षणे दिसली तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाला त्याच दिवशी फोन करावा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, जखमेभोवती वाढती लाली किंवा पाझर, छातीच्या हाडातून कट असा आवाज येणे किंवा हाड हलल्यासारखे वाटणे, श्वास जोरात चालणे, सारखी उलटी, खेळणे सोडून सुस्त पडून राहणे, चेहरा किंवा पापण्या सुजणे, लघवी कमी होणे आणि दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढणे. घरी आल्यावर दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात काही मुलांच्या हृदयाभोवती पाणी साठते, आणि त्याची सुरुवात पुष्कळदा फक्त चिडचिड, उलटी आणि भूक न लागणे यांनी होते. ते वेळीच ओळखले तर औषधांनी आटोक्यात येते, उशीर झाला तर हृदयावर दाब येऊन जीव धोक्यात येतो. म्हणून एकाच काट्यावर, रोज सकाळी, खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा.

जखमेवर हळद, तूप, तेल, पावडर यांपैकी काहीही लावू नका. खपल्या आपोआप गळू द्या. छातीला मालिश नको. पहिले वर्षभर जखमेचा व्रण उन्हापासून झाकून ठेवला तर तो कमी काळा पडतो.

दाढ आणि कान यांविषयी तुम्ही विचारलेत हे फार बरे झाले. किडलेल्या दातातून जंतू रक्तात जातात आणि हृदयात नुकत्याच लावलेल्या पॅचवर ते घर करू शकतात. पॅचवर हृदयाचे स्वतःचे अस्तर चढायला सुमारे सहा महिने लागतात आणि तोवर धोका जास्त असतो, म्हणून या काळात हिरड्यांना धक्का लागणारे दाताचे कोणतेही काम करायचे असेल तर त्याच्या अर्धा ते एक तास आधी प्रतिजैविकाची एक मात्रा द्यावी लागते. पॅचच्या कडेला थोडी जरी गळती उरली असेल तर ही काळजी पुढेही घ्यावी लागते. दाढ तशीच सोडू नका, पण दंतवैद्यांकडे जाताना हृदयाचे कार्ड घेऊन जा आणि तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारा. रोज दोन वेळा दात घासणे हे तिच्यासाठी हृदयाचेच औषध समजा. कान टोचणे मात्र सध्या नकोच. सहा महिन्यांनंतर एको पाहून डॉक्टरांनी हो म्हटले तर निर्जंतुक सुईने, दवाखान्यात करून घ्या.

शस्त्रक्रियेत रक्त किंवा रक्ताचे घटक दिलेले असतात, आणि त्यातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे (अँटीबॉडीजमुळे) गोवर-रुबेलासारख्या जिवंत विषाणूंच्या लसींचा काही महिने नीट परिणाम होत नाही. तिची एखादी लस राहिली असेल तर ती केव्हा द्यायची हेही विचारून ठेवा.

परभणीची आई

दोघांचेही मनापासून आभार. परिचारिका ताई, तुमचे उत्तर वाचून काळजात धस्स झाले. परवापासून तिच्या पापण्या सकाळी जड दिसतात, मला वाटले रात्री रडते म्हणून असेल. काल दोन वेळा उलटी झाली आणि आज सकाळपासून ती मांडीवरून उतरायला तयार नाही. ताप नाही. अंगणवाडीच्या काट्यावर तीन दिवसांपूर्वी वजन ११ किलो ९०० ग्रॅम होते, आत्ता करून आले तर १२ किलो ५०० ग्रॅम भरले. उद्या रविवार आहे, सोमवारी नेले तर चालेल का?

हृदयशल्य विभागातील परिचारिका

नाही, सोमवारची वाट पाहू नका. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आत्ताच फोन करून वजन, उलट्या आणि पापण्यांची सूज या तिन्ही गोष्टी सांगा आणि आजच जवळच्या ज्या ठिकाणी टूडी एको होतो तिथे जा. श्वास लागला किंवा ओठांचा रंग बदलला तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. जाताना कार्ड आणि सगळी औषधे पिशवीत घ्या. तिथे पोचल्यावर पहिले वाक्य हेच बोला की १९ दिवसांपूर्वी हिची ओपन हार्ट शस्त्रक्रिया झाली आहे आणि तीन दिवसांत ६०० ग्रॅम वजन वाढले आहे.

उत्तर : छातीवरची रेघ

तुमची मुलगी लवकर बरी होवो, ताई. तुम्ही दवाखान्यातून आल्यावर सवडीने वाचावे म्हणून लिहीत आहे.

माझी टॉफची शस्त्रक्रिया १९९४ साली, मी पाच वर्षांची असताना झाली, आणि २०२१ साली, ३२ व्या वर्षी, त्याच हृदयावर दुसरी झाली. लहानपणीचे मला फारसे आठवत नाही, पण दुसऱ्या वेळी मी मोठी होते, त्यामुळे तुमची लेक जे सांगू शकत नाही ते थोडेफार मी सांगू शकते. छातीच्या जखमेपेक्षा मला पाठ जास्त दुखायची, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये, कारण शस्त्रक्रियेत बरगड्या ताणून धरलेल्या असतात. खोकला आला की हाड उघडेल अशी भीती वाटायची आणि छोटी उशी छातीशी घट्ट धरून खोकले की ती भीती जायची. तिसऱ्या आठवड्यात काहीही कारण नसताना मला रडू यायचे. अन्नाला चव नव्हती, आवडीचे पिठले-भाकरीसुद्धा तोंडात फिरायचे. दुपारी एक तास गाढ झोप लागली की उरलेला दिवस बरा जायचा. ती मांडीवरून उतरत नसेल, जेवताना तोंड फिरवत असेल, तर ती हट्ट करत आहे असे समजू नका. तिचे काहीतरी दुखत असते आणि कुठे ते तिला सांगता येत नाही. वेदनाशामक औषध वेळेवर द्या, दुखल्यावर देऊ असे म्हणून मागे ठेवू नका.

मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढची आहे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईवडिलांना वाटले की मुलगी कायमची बरी झाली, आणि त्याच वेळी माझ्या बाबतीत त्यांची भीतीही गेली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकत्र नांदत होत्या. मी शाळेत कधी कवायत केली नाही, सहलीला गेले नाही, कबड्डी कडेला बसून पाहिली. दवाखान्यात मात्र सहावीनंतर कोणी नेले नाही. २०१७ साली मला दिवस गेले, सातव्या महिन्यात जिना चढताना धाप लागू लागली आणि प्रसूतितज्ज्ञ बाईंनी छातीवरची रेघ पाहून एको करायला लावला, तेव्हा कळले की फुफ्फुसाकडे जाणारी झडप पूर्ण गळत आहे आणि उजवा कप्पा फुगला आहे. अरुंद वाट रुंद करताना टॉफच्या पुष्कळ मुलांमध्ये त्या झडपेवरूनच चीर देऊन पॅच लावावा लागतो. त्यानंतर झडप गळत राहते. लहानपणी हृदय ते निभावून नेते, पण वीस-तीस वर्षांत कप्पा मोठा होत जातो, ठोके अनियमित होऊ शकतात, आणि वेळीच नवी झडप बसवली तर कप्पा पुन्हा आकसतो. मला पुष्कळ उशीर झाला होता. माझी मुलगी सुखरूप जन्मली, पोटात असतानाच तिच्या हृदयाचा एको करून घेतला होता आणि तो व्यवस्थित होता.

दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी पहिल्याची नोंद मागितली. छातीच्या हाडामागे काय चिकटले आहे, पॅच कुठवर आहे, हे त्यातून कळते. मूळ रुग्णालयात इतकी जुनी कागदपत्रे शिल्लक नव्हती आणि आमच्या घरी फक्त औषधांची चिठ्ठी होती. शेवटी एमआरआय आणि सीटी स्कॅन यांवरून अंदाज बांधावा लागला. हाडातल्या स्टीलच्या तारा जन्मभर तशाच राहतात, त्यांच्यामुळे एमआरआयला अडचण आली नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल, ज्यात झडपेचे काय केले हे लिहिलेले असते, तो आत्ताच लेखी अर्ज करून मागून घ्या, त्याच्या प्रती काढा, फोटो काढून फोनमध्ये आणि नातेवाइकांकडेही ठेवा. एको दरवर्षी करा. ती अठरा वर्षांची होईल तेव्हा मोठ्यांमधील जन्मजात हृदयविकार पाहणाऱ्या तज्ज्ञाकडे तिची फाइल तिच्या हातात देऊन पाठवा.

१९४४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी टॉफच्या मुलीवर पहिल्यांदा तात्पुरता मार्ग काढणारी शस्त्रक्रिया केली आणि १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून पूर्ण दुरुस्ती केली. त्यानंतरच्या वर्षांत दुरुस्त झालेली मुले वाढली, नोकऱ्या करू लागली, त्यांना मुले झाली, आणि त्यांना काय त्रास होतात हे पाहूनच झडपेची ही गोष्ट डॉक्टरांना उमगत गेली. तुमच्या लेकीच्या वाट्याला ते सगळे ज्ञान पहिल्या दिवसापासून येणार आहे. तिला शाळेत कवायत करू द्या. तीन महिन्यांनी एको पाहून डॉक्टर हो म्हणाले की माहूरला जा, पायऱ्या तिच्या तिला चढू द्या, आणि ती दमली तर तिच्याबरोबर पायरीवर बसा.

उत्तर : अंगणवाडी सेविका

ताई, तुमच्या अंगणवाडीत आलेले पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे असणार. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला आणि त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत पथक वर्षातून दोनदा येते, त्यामुळे पुढच्या फेरीला तिला नक्की आणा आणि कार्ड दाखवा. पुण्याला वारंवार जाणे परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातील या कार्यक्रमाच्या कक्षात विचारा, मधल्या तपासण्या जवळ करता येतील का ते तेच सांगतील. आणि रोजच्या वजनासाठी संकोच करू नका, काटा सकाळी नऊ वाजता उघडा असतो, सेविका ताईंना सांगून ठेवा.

परभणीची आई

आठ दिवसांनी लिहीत आहे, क्षमस्व. त्या शनिवारी दुपारीच आम्ही गाडी करून नांदेडला गेलो. एकोमध्ये हृदयाभोवती पाणी दिसले. पुण्याच्या डॉक्टरांशी तिथूनच फोनवर बोलणे झाले, लघवीच्या औषधाची मात्रा वाढवली, सूज उतरवणारे एक औषध सुरू केले आणि चार दिवस तिला तिथेच ठेवून घेतले. सुई घालून पाणी काढण्याची वेळ आली नाही. काल पुन्हा एको झाला, पाणी अगदी थोडे उरले आहे. सोमवारपर्यंत थांबला असतात तर अवघड झाले असते, असे तिथले डॉक्टर म्हणाले. परिचारिका ताई, तुमचे उपकार आम्ही कधीच विसरणार नाही.

सासूबाईंना मी सगळी उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. काखेत हात घालू नका असा कागद आता त्यांनीच दाराला लावून घेतला आहे आणि त्या स्वतः येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. कान टोचणे पुढे ढकलले. नवसाचे त्या म्हणाल्या की देवीला घाई नाही, लेकरू चढू शकेल तेव्हा जाऊ. तिला चिंध्यांची एक बाहुली शिवून दिली आहे. पट्टी लावली नाही, पण काल ती बाहुलीला मांडीवर घेऊन दोन्ही हातांवर, पाठीखाली आणि कुल्ल्यांखाली हात घालून, सांभाळून उचलत होती.

शस्त्रक्रियेच्या अहवालासाठी मिस्टरांनी लेखी अर्ज पाठवला आहे. झडपेचे नेमके काय केले ते अहवाल हातात आल्यावर मी इथे लिहीन, तो समजून घ्यायला मला तुमची मदत लागेल. आज सकाळी ती दारातून कडुनिंबापर्यंत चालत गेली, तिथे उकिडवी बसली, ओठ गुलाबीच होते, निंबोळ्या वेचल्या आणि परत आली. वजन ११ किलो ८५० ग्रॅम आहे.